रक्ताची पारख

एकोणिसाव्या शतकात रोग्याच्या शरीरात दुसऱ्याचे रक्त घालणे म्हणजे जिवावरचा जुगार होता. लंडनचे डॉक्टर जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये एका माणसाचे रक्त दुसऱ्यास देऊन पाहिले. त्यानंतर इतरांनीही असे प्रयत्न केले. काही रोगी वाचले. काहींना मात्र हुडहुडी भरली, कंबर ठणकू लागली, लघवी काळसर झाली आणि ते दगावले. सर्वांचेच रक्त दिसण्यात तांबडे! मग एकाला तारणारे रक्त दुसऱ्याला का मारते, हे कोणालाच उमगत नव्हते.

हे कोडे उलगडणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी झाला. वडील पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते वारले आणि आईने मुलाला वाढविले. १८९१ मध्ये कार्ल डॉक्टर झाले. परंतु दवाखाना थाटण्याऐवजी ते रसायनशास्त्र शिकण्यासाठी जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये गेले. पुढे व्हिएन्नात प्रेतांची चिकित्सा करून मृत्यूचे कारण शोधणे हे त्यांचे रोजचे काम झाले.

ते करीत असतानाच त्यांनी एक साधा प्रयोग केला. स्वतःचे व पाच सहकाऱ्यांचे थोडे थोडे रक्त घेऊन त्यांनी तांबड्या पेशी आणि पिवळसर रक्तरस वेगळे केले. मग प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या पेशींत मिसळून पाहिला. काही मिश्रणे जशीच्या तशी राहिली. काहींत मात्र पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. सहाही जण धडधाकट होते. तेव्हा हा रोगाचा परिणाम नव्हे, माणसामाणसांच्या रक्तातच भेद आहे, हे त्यांनी ओळखले. पेशींवरील खुणा निरनिराळ्या असतात आणि परक्या खुणेला विरोध करणारी द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तरसात असतात. १९०१ मध्ये त्यांनी रक्ताचे तीन गट जाहीर केले. आज आपण त्यांना ए, बी आणि ओ म्हणतो. चौथा एबी गट त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला. गंमत अशी, की या थोर शोधाचा पहिला उल्लेख १९०० मधील एका निबंधाच्या तळटीपेत आला होता!

जगाने या शोधाकडे सावकाश पाहिले. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटेनबर्ग यांनी आधी रक्त जुळवून मग ते रोग्याला दिले. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्नान्नदशा झाली, तेव्हा १९१९ मध्ये लँडस्टायनर हॉलंडमधील हेग येथे एका लहान रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीस राहिले. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. नोबेल पारितोषिक त्यांना १९३० मध्ये मिळाले. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९४० मध्ये त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासह आरएच हा घटक शोधला. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत, हाती काचेची नळी असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी ते निवर्तले.

काही प्रतिपिंडे पेशींना नुसती चिकटतात, पुंजके करीत नाहीत. अशी छुपी प्रतिपिंडे उघडी पाडणारी चाचणी १९४५ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आता या चाचणीलाही चकविणारे औषध निघाले आहे. अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावरील डाराटुमुमॅब या औषधाला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. रोगट पेशींवर ज्या खुणेला ते चिकटते, ती खूण तांबड्या पेशींवरही थोडीशी असते. त्यामुळे कोणाच्याही पेशी घ्या, चाचणीत पुंजके दिसतातच, आणि खरे घातक प्रतिपिंड असले तरी ते त्या गर्दीत दडून राहते. शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांपर्यंत हा घोळ राहू शकतो.

यावर उपाय आहे. चाचणीच्या पेशी एका रसायनाने धुतल्या, की ती खूण नाहीशी होते. मात्र त्याबरोबर केल नावाची दुसरी खूणही पुसली जाते. म्हणून अशा रोग्यास बहुधा केल खूण नसलेलेच रक्त देतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीच रोग्याचे रक्त पूर्णपणे तपासून नोंद ठेवणे, आणि औषध सुरू झाल्याचे रक्तपेढीला कळविणे. ते कळविले नाही, तर तपासनीस नसलेल्या प्रतिपिंडांचा माग काढीत बसतात, आणि तिकडे रोगी रक्ताची वाट पाहत राहतो.