गणिताच्या सरांकडे आलेले प्रश्न

सुकापूरहून शेअर रिक्षाने पनवेल स्टेशन आणि तिथून हार्बरची लोकल. तुमच्यातल्या कितीतरी जणांचा हा रोजचा रस्ता. डब्यात दाराजवळ चिकटवलेला तो कागद तुम्ही पाहिलेला आहेच. गुप्तरोग, धातुदौर्बल्य, स्वप्नदोष, गॅरंटीड इलाज आणि खाली मोबाइल नंबर. ग्रुपमध्ये असलात की त्यावर जोक होतात. पण एकटे असलात आणि दोन दिवस लघवीला जळजळ होत असेल, तर नजर त्या नंबरवर जरा जास्तच वेळ रेंगाळते. घरी सांगायची सोय नाही. मित्राला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळणार. मग उरतो तो कागद, नाहीतर मोबाइलवरचा सर्च.

आज ज्यांची गोष्ट सांगतोय, त्यांच्याकडे अशाच एकट्या पडलेल्या माणसांची पत्रं यायची. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. नाव रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा. वडिलांवर शाळेत धडा होता, यांच्यावर बहुतेक नव्हता. तो का नव्हता, ते पुढे कळेलच.

जन्म 14 जानेवारी 1882, मुरुडचा. आपल्या रायगडातलं मुरुड-जंजिरा नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोलीजवळचं मुरुड. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना आई, राधाबाई, बाळंतपणात गेली. वडिलांनी पुढे एका विधवेशी लग्न केलं आणि गावाने घराला वाळीत टाकलं. म्हणजे लोक काय म्हणतील या प्रश्नाचं उत्तर या मुलाने लहानपणीच पाहिलं होतं. 1899 मध्ये तो मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग गणिताची प्राध्यापकी. 1919 च्या सुमारास गणितातल्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिस. तिथून येताना गणिताबरोबर आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की झाली होती. शरीराचे प्रश्न शरीराच्या शास्त्रानेच सोडवायचे, त्यात पाप-पुण्य आणायचं नाही.

1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेव्हा हा शब्द उच्चारला तरी लोक कानावर हात ठेवायचे. 1923 मध्ये त्याच विषयावर पुस्तक आलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. नोकरी किंवा हे उद्योग, एक काय ते ठरवा असं झालं आणि 1925 मध्ये सरांनी राजीनामा दिला. पुन्हा कायमची धड नोकरी मिळाली नाही. घर बऱ्याच अंशी पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चाललं. मूल होऊ न देण्याचा निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता. आपण र. धों.चं कौतुक करतो तेव्हा मालतीबाईंचं नाव ओझरतं येतं. खरं तर निम्मा हिशेब त्यांच्या नावावर मांडायला हवा.

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. लेख स्वतः लिहायचे, प्रुफं स्वतः तपासायची, तोटा स्वतः सोसायचा. मुखपृष्ठावर बाईचं नग्न चित्र असायचं, त्यामुळे मासिक लपवून वाचणारे बरेच होते. पण त्यातला खरा ऐवज होता वाचकांची पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं. लोक विचारायचे, हस्तमैथुनाने शक्ती जाते का? समलिंगी आकर्षण वाटतं, हा रोग आहे का? घरात, शाळेत, देवळात, कुठेच न विचारता येणारे प्रश्न. त्या काळात वीर्य म्हणजे जीवन, ते गेलं की माणूस संपला, असं सांगणाऱ्या पुस्तिका घरोघरी होत्या. शिकलेली पोरंसुद्धा त्या भीतीने खंगत होती. र. धों. उत्तर द्यायचे ते सरळ, थोडं कोरडं आणि उपदेश न करता.

त्यांची सगळीच मतं आज पटतील असं नाही. भाषाही टोकदार होती. समोर कोण मोठा माणूस आहे याची फिकीर नसायची, ब्रह्मचर्याचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनाही त्यांनी सोडलं नाही. पण या एका बाबतीत काळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. झोपेत वीर्य जाणं किंवा हस्तमैथुन करणं हा आजार नाही, त्याने अशक्तपणा येत नाही, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. लोकलमधल्या त्या कागदाचा अर्धा धंदा हे न कळण्यावरच चालतो.

आणि उरलेला अर्धा? तो खऱ्या त्रासावर चालतो. म्हणून ते इथेच नीट सांगतो. लघवीला जळजळ होण्याचं कारण दरवेळी सेक्स नसतं. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो, मुतखडा असू शकतो. दिवसभर पाणीच न प्यायल्यामुळे लघवी दाट होऊनही आग होते. पण असुरक्षित संबंधानंतर काही दिवसांत जळजळ आणि सोबत पू आला, तर गनोरियासारख्या संसर्गाची शक्यता असते. क्लॅमिडिया अनेकदा काहीच लक्षण न दाखवता मुक्काम करतो. सिफिलिस जास्त फसवा. त्याची जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरून येते. माणूस सुटलो म्हणतो, पण रोग आतच राहतो. लघवीतून रक्त येणं, कळ पाठीतून जांघेत उतरणं किंवा जळजळीसोबत थंडी-ताप, यातलं काही झालं तर थांबू नका. आणि एका वृषणात अचानक जोराची कळ आली, तर सकाळची वाट बघायची नाही. आत पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या वयाच्या मुलांमध्ये हे होतं, आणि लाजेपायी रात्र काढणारे ते गमावून बसतात.

मित्राच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. अर्धवट औषधाने लक्षण दबतं, जंतू राहतात. जोडीदाराचाही उपचार व्हावा लागतो, नाहीतर तेच पुन्हा. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचा विभाग असतो. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. केसपेपर काढताना कारण ओरडून सांगावं लागत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला भेटायचंय एवढं पुरतं.

र. धों.च्या वाचकांना यातलं किती मिळत होतं? जवळपास काहीच नाही. पेनिसिलिन उपचारात आलं ते 1940 च्या दशकात. त्याआधी सिफिलिसवर आर्सेनिकची इंजेक्शनं दिली जायची, त्याहीआधी पारा. त्यामुळे रोग होऊच न देणं, आणि तो कसा होतो हे माणसाला वेळेत कळणं, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय होता. ते सांगणारा माणूस मात्र कोर्टात उभा होता.

पहिला खटला 1931 चा. व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल अश्लीलतेचा आरोप आणि शंभर रुपये दंड. दुसरा 1934 चा, आणि तो थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरच होता. या वेळी र. धों.चे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा, पुणे करार, सगळं नुकतंच होऊन गेलेलं. अशा केसमध्ये नाव बदनाम होण्याचाच धोका जास्त. तरी त्यांनी ती घेतली. बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृत कल्पना असतील तर त्या ज्ञानानेच जातील. न्यायाधीशांचा रोख असा होता, की असले प्रश्न छापायचेच कशाला? प्रश्न आला तर उत्तर द्यायचं, ही बचावाची बाजू. केस हरले. दंड दोनशे रुपये.

दंड भरून सर परत टेबलाशी बसले आणि पुढचा अंक काढला. 1940 मध्ये आणखी एक खटला झाला, तरी मासिक थांबलं नाही. सत्तावीस वर्षांच्या आसपास एकहाती. वर्गणीदार थोडे, शिव्या भरपूर. आज त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ नावाचा अमोल पालेकरांचा सिनेमा आहे, ‘समाजस्वास्थ्य’ याच नावाचं नाटकही आलं. हयातीत मात्र सत्काराचा योग फारसा आला नाही. वडिलांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं, तेव्हा मुलगा हयात नव्हता.

14 ऑक्टोबर 1953 ला र. धों. गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये वाचकांच्या हातात पडला.