मॉर्टिमर व्हीलर : ब्रिटनच्या छावण्यांतून अरिकामेडूकडे

चेन्नईतील वेस्ट मांबलम ज्या जुन्या मांबलमचा भाग, तेथे आहत नाण्यांच्या एका साठ्यात सम्राट ऑगस्टसचे रौप्य नाणे मिळाले होते. या किनाऱ्यावर रोमचे सैन्य कधी उतरले नाही. नाणे आले ते व्यापाराच्या ओघाने. सर मॉर्टिमर व्हीलर (१८९०–१९७६) यांच्या कार्याचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्यांची दृष्टी घडली ती सैन्याच्या वाटेवर.

ग्लासगो येथे जन्मलेले व्हीलर पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते. १९२१-२२ मध्ये त्यांनी वेल्समधील सेगोंटियम या रोमन किल्ल्याचे उत्खनन केले. पुढे कार्लियन येथील रंगमंडलाचे काम मुख्यतः पत्नी टेसा यांनी तडीस नेले. त्यांना श्रेय मात्र कमीच लाभले. इ. स. ४३ च्या स्वारीनंतर ब्रिटनमधील रोमन सत्ता रसदेवर उभी होती. रिचबरो बंदरात सैन्याची सामग्री उतरे. साउथ शील्ड्सच्या धान्यकोठारांतून उत्तरेकडील मोहिमेला पुरवठा होई. सैनिकांच्या मागोमाग मद्यकुंभ आणि तांबडी झिलईदार भांडी येत, आणि त्यांच्या खापरांवरून उत्खननातील थरांचा काळ ठरविता येई.

१९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. मद्रासच्या संग्रहालयातील मद्यकुंभाच्या एका तुकड्याने त्यांना पाँडिचेरीजवळील अरिकामेडूकडे नेले. फ्रेंच संशोधकांनी ते स्थळ आधीच हेरले होते. परंतु १९४५ च्या उत्खननात इटलीतील ॲरेटाइन खापरांच्या साह्याने दक्षिण भारताच्या पुरातत्त्वाला भक्कम कालखूण मिळवून दिली ती व्हीलर यांनी. त्यांनी या स्थळाला हिंदी-रोमन व्यापारी ठाणे ठरविले. परका माल आला की त्याच्यासाठी वस्ती उभी राहते, हा ब्रिटनमधील अनुभव त्यांच्या मनातून गेला नसावा, असे वाटते. १९८९ ते १९९२ मध्ये विमला बेगली आणि मद्रास विद्यापीठाचे के. व्ही. रामन यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले, तेव्हा वस्ती रोमन संपर्काहून जुनी असल्याचे दिसले. ज्या चक्रांकित नक्षीच्या भांड्यांचे मूळ व्हीलर भूमध्यसागराकडे शोधीत, तीही भारतीय बनावटीची ठरली. निष्कर्ष बदलले, थरवार उत्खननाची त्यांची शिस्त मात्र टिकली.

तिचा पाठ महाराष्ट्रात आणला ह. धी. सांकलिया यांनी. लंडनमध्ये शिकत असता मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांनी व्हीलर यांच्या हाताखाली काम केले होते. कोल्हापूरच्या ज्या ब्रह्मपुरी टेकाडावर पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, तेथे १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले.