ब्रँच रिकी

वेस्ली ब्रँच रिकी (जन्म : २० डिसेंबर १८८१, ओहायो, अमेरिका, मृत्यू : ९ डिसेंबर १९६५, कोलंबिया, मिसुरी) हे अमेरिकन बेसबॉलमधील प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि संघप्रशासक होते. होतकरू खेळाडूंना कोवळ्या वयात हेरून कनिष्ठ संघांमधून टप्प्याटप्प्याने घडवण्याची 'फार्म सिस्टिम' ही पद्धत त्यांनी उभी केली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये उतरवून त्यांनी या खेळातील वर्णभेदाची अलिखित बंदी मोडली. पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ नेमणारे ते पहिले संघप्रमुख मानले जातात. कोणता तरुण पुढे मोठा खेळाडू होईल, याचा अंदाज बांधण्यात त्यांची हयात गेली. त्यांचे अचूक ठरलेले आणि साफ चुकलेले अंदाज बेसबॉलच्या इतिहासात सारखेच प्रसिद्ध आहेत.

बालपण आणि शिक्षण

रिकी यांचा जन्म दक्षिण ओहायोतील एका शेतकरी कुटुंबात झाला. घरचे वातावरण कडक मेथडिस्ट पंथाचे होते. रविवारी सामना खेळायचा नाही, हा आईला दिलेला शब्द त्यांनी पुढे व्यावसायिक कारकिर्दीतही पाळला. ओहायो वेस्लियन विद्यापीठातून ते १९०४ मध्ये पदवीधर झाले. १९०६ साली जेन मोल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा आणि पाच मुली अशी सहा अपत्ये होती.

पुढे क्षयरोग झाल्यामुळे त्यांना न्यूयॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक येथील आरोग्यधामात राहावे लागले. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी मिशिगन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये पदवी मिळवली. त्याच विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे ते प्रशिक्षकही होते. तेथे जॉर्ज सिस्लर हा विद्यार्थी त्यांच्या नजरेत भरला. सिस्लर पुढे आपल्या काळातील अव्वल फलंदाजांमध्ये गणला गेला.

खेळाडू म्हणून कारकीर्द

खेळाडू म्हणून रिकी सामान्यच होते. १९०४ मध्ये सिनसिनाटी संघाने त्यांना घेतले, पण रविवारी खेळण्यास नकार दिल्यामुळे तेथे त्यांचा निभाव लागला नाही. त्यानंतर ते सेंट लुइस ब्राउन्स आणि न्यूयॉर्क हायलँडर्स या संघांकडून कॅचर म्हणून खेळले. २८ जून १९०७ रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात त्यांचा खांदा दुखत होता, आणि प्रतिपक्षाने त्यांच्या डोळ्यांदेखत १३ बेस चोरले. हा नकोसा विक्रम त्यांच्या नावावर कायमचा राहिला.

सेंट लुइस आणि फार्म सिस्टिम

१९१३ ते १९१५ या काळात ब्राउन्सचे व्यवस्थापक राहिल्यानंतर १९१७ साली रिकी त्याच शहरातील सेंट लुइस कार्डिनल्स या संघात आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागात मेजर म्हणून ते फ्रान्सला गेले. परतल्यावर १९१९ ते १९२५ ते मैदानावरील व्यवस्थापक होते. १९२५ मध्ये ती जबाबदारी रॉजर्स हॉर्न्सबी यांच्याकडे गेली आणि रिकी संघाच्या कारभाराकडे पूर्णपणे वळले.

त्या वेळी कार्डिनल्सची आर्थिक स्थिती हलाखीची होती. मायनर लीगमधील संघ स्वतंत्र मालकीचे असत आणि आपले चांगले खेळाडू ते मेजर लीगच्या संघांना विकत. एखाद्या खेळाडूबद्दल कार्डिनल्सने विचारणा केली की त्याचा मालक तोच खेळाडू श्रीमंत संघापुढे ठेवी आणि जास्त भाव मिळवी. पारख रिकी यांची, पण खेळाडू दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता. त्यावर उपाय म्हणून रिकी यांनी मायनर लीगचे संघच विकत घ्यायला सुरुवात केली. फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन आणि सिरॅक्यूज येथील संघांमध्ये प्रथम भागीदारी घेण्यात आली. त्या काळी मायनर लीगची प्रतवारी 'डी' या सर्वांत खालच्या श्रेणीपासून वर चढत जाई. नवखा मुलगा तळाशी दाखल होई आणि कामगिरी दाखवत एकेक पायरी वर येई. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या मालकीचे किंवा कराराने बांधलेले तीसहून अधिक संघ होते आणि त्यांत सहाशेहून अधिक खेळाडू होते.

या पद्धतीची फळे लवकरच दिसली. रिकी यांच्या काळात कार्डिनल्सने १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ अशा चार वेळा वर्ल्ड सीरिज जिंकली. डिझी डीन, पेपर मार्टिन, जो मेडविक, इनॉस स्लॉटर आणि स्टॅन म्यूझियल हे खेळाडू याच व्यवस्थेतून वर आले.

होतकरू खेळाडूंची पारख

रिकी यांनी ठिकठिकाणी निवड शिबिरे भरवली. कोणालाही येऊन धावून, चेंडू फेकून आणि फलंदाजी करून दाखवता येई. शेकडो मुलांमधून थोडी निवडली जात. खेळाडूच्या गुणांचे सुटे भाग पाडून प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करावी, असा त्यांचा आग्रह होता. पायांचा वेग आणि हाताची फेक या निसर्गदत्त गोष्टी असून त्या शिकवता येत नाहीत, फलंदाजीतील दोष मात्र बऱ्याच प्रमाणात सुधारता येतात, असे त्यांचे मत होते. वेगाला ते सर्वाधिक महत्त्व देत, कारण तो आक्रमणात आणि बचावात सारखाच उपयोगी पडतो.

एकेका मुलाबद्दलचा अंदाज किती बेभरवशाचा असतो, याची रिकी यांना पूर्ण जाणीव होती. म्हणून त्यांनी संख्येवर भर दिला. पुष्कळ मुले घ्यावीत, सर्वांना सारखे शिक्षण द्यावे आणि कोण टिकतो हे काळावर सोडावे, असे त्यांचे तत्त्व होते. फार्म सिस्टिम ही एका अर्थाने चुकीच्या अंदाजांची किंमत सोसण्याचीच व्यवस्था होती. ज्या संघाकडे शंभर होतकरू असतील, त्याला नव्वद वाया गेलेले परवडत. मोठी रक्कम मोजून एकाच मुलावर भरवसा ठेवणाऱ्या संघाला तसे करता येत नसे.

स्टॅन म्यूझियल हे याचे उत्तम उदाहरण होय. कार्डिनल्सने त्याला पिचर म्हणून करारबद्ध केले होते. १९४० मध्ये मायनर लीगमध्ये खेळताना त्याच्या खांद्याला दुखापत झाली आणि पिचर म्हणून त्याचे भवितव्य संपले. परंतु त्याची फलंदाजी तोवर दिसून आली होती. १९४१ च्या एकाच मोसमात तो खालच्या श्रेणीतून थेट मेजर लीगमध्ये पोहोचला आणि पुढे ३,६३० हिट्स करून निवृत्त झाला. मूळ अंदाज चुकला, तरी व्यवस्थेने खेळाडू गमावला नाही.

योगी बेरा याच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. सेंट लुइसमधील जो गॅराजिओला आणि योगी बेरा हे शेजारी राहणारे मित्र होते. कार्डिनल्सने गॅराजिओला याला ५०० डॉलर दिले, पण बेरा याला तेवढी रक्कम देऊ केली नाही. बेरा याने कमी रक्कम नाकारली आणि तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. गॅराजिओला याची नऊ मोसमांची कारकीर्द बेताची झाली, तर बेरा दहा वेळा वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या संघात होता. रिकी यांना त्याची योग्यता कळली नव्हती, की ब्रुकलिनला जाण्याचा बेत असल्याने त्यांनी त्याला मुद्दाम बाजूला ठेवले होते, याविषयी मतभेद आहेत.

खेळाडूला उतार लागण्याच्या एक वर्ष आधीच त्याला विकावे, हाही रिकी यांचा नियम होता. १९३८ मध्ये त्यांनी डिझी डीन याला १,८५,००० डॉलर आणि तीन खेळाडूंच्या बदल्यात शिकागो कब्जला दिले. डीन याचा हात आधीच दुखावलेला होता आणि शिकागोसाठी तो एकूण १६ सामनेच जिंकू शकला. जॉनी माइझ याला १९४१ च्या अखेरीस न्यूयॉर्क जायंट्सकडे धाडले, तेव्हा मात्र हाच नियम फसला. माइझ याने १९४७ साली ५१ होमरन मारले.

ब्रुकलिन आणि जॅकी रॉबिन्सन

१९४२ च्या अखेरीस रिकी ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे इतर संघांनी खेळाडूंचा शोध आखडता घेतला होता. त्याच काळात रिकी यांनी सैन्यात जाण्याच्या वयाच्या मुलांनाही करारबद्ध केले. ड्यूक स्नायडर आणि गिल हॉजेस हे त्यांपैकीच होत.

मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना विसाव्या शतकात प्रवेश नव्हता. रिकी यांनी आपल्या पारख्यांना कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये पाठवले आणि २८ ऑगस्ट १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन याची भेट घेतली. अपमान आणि शिवीगाळ सहन करूनही प्रतिकार न करण्याचे धैर्य या माणसात आहे का, हे त्यांना पाहायचे होते. येथे अंदाज केवळ खेळाचा नव्हता. रॉबिन्सन अपयशी ठरला असता, तर त्याच्यामागून येणाऱ्या सर्वांचाच मार्ग लांबला असता. रॉबिन्सन १९४६ मध्ये माँट्रियल रॉयल्स या कनिष्ठ संघाकडून खेळला आणि ०.३४९ सरासरीने इंटरनॅशनल लीगमध्ये अव्वल ठरला. १५ एप्रिल १९४७ रोजी त्याने ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार त्यालाच मिळाला. रॉय कँपनेला आणि डॉन न्यूकम यांनाही रिकी यांनीच आणले.

याच काळात मूळच्या माँट्रियलच्या ॲलन रॉथ यांना त्यांनी पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ म्हणून नेमले. फलंदाजीची प्रचलित सरासरी अपुरी असून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो, हे अधिक महत्त्वाचे आहे, असा विचार या दोघांनी मांडला. १९५४ मध्ये लाइफ या साप्ताहिकात रिकी यांच्या नावाने त्यावर एक सूत्रबद्ध लेख प्रसिद्ध झाला. क्षेत्ररक्षणाचे मोजमाप त्या सूत्रात बसवता आले नव्हते. हे प्रमाण मेजर लीगच्या अधिकृत आकडेवारीत १९८४ साली आले.

ब्रुकलिनमधील पत्रकार त्यांना 'महात्मा' म्हणत. हे नाव टॉम मीनी या क्रीडापत्रकाराने दिले. जॉन गुंथर यांच्या 'इनसाइड एशिया' या पुस्तकातील महात्मा गांधींचे वर्णन वाचून त्याला ते सुचले होते. साधुत्व, वडीलकी आणि मुरब्बी राजकारण यांचे तेथे वर्णिलेले मिश्रण त्याला रिकी यांच्यातही दिसले.

पिट्सबर्ग

वॉल्टर ओमॅली यांच्याशी न पटल्याने रिकी यांनी १९५० मध्ये ब्रुकलिनमधील आपला हिस्सा विकला आणि ते पिट्सबर्ग पायरेट्समध्ये गेले. तेथील निकाल निराशाजनक होते. १९५२ साली संघाने ११२ सामने गमावले. १९५२ ते १९५५ अशी सलग चार वर्षे तो तळाला राहिला. लाडका फलंदाज राल्फ काइनर याला विकल्यामुळे प्रेक्षक संतापले. बोनस देऊन घेतलेले काही तरुणही अपेक्षेला उतरले नाहीत. विद्यापीठीय फुटबॉलमधील नामवंत विक जॅनोविझ हा त्यांपैकी एक होता.

तथापि याच वर्षांत पुढील यशाची पेरणी झाली. डिक ग्रोट, बिल मॅझरोस्की आणि एल्रॉय फेस हे खेळाडू संघात आले. नोव्हेंबर १९५४ मध्ये डॉजर्सच्या माँट्रियल संघातून रोबेर्तो क्लेमेंते याला नियमानुसार अवघ्या ४,००० डॉलरमध्ये घेण्यात आले. १९५५ च्या आरंभी रिकी यांनी स्वतः प्वेर्तो रिकोत त्याचा खेळ पाहून अहवाल लिहिला. त्यात त्यांनी क्लेमेंते याची फेक आणि फलंदाजीची ठेवण वाखाणली, पण धावण्याची ढब वाईट ठरवली आणि बेसवर त्याच्यात साहस नसल्याचे नोंदवले. १९५५ मध्ये तो मेजर लीगच्या संघाला उपयोगी पडणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. क्लेमेंते याची त्या मोसमातील सरासरी ०.२५५ राहिली. मात्र पुढे त्याने ३,००० हिट्स पूर्ण केल्या आणि चार वेळा फलंदाजीचे अग्रस्थान मिळवले. जवळच्या वर्षाचा अंदाज बरोबर आला, पण दूरची उंची त्यात दिसली नव्हती. १९५५ च्या अखेरीस रिकी यांना पद सोडावे लागले. १९६० साली पिट्सबर्गने वर्ल्ड सीरिज जिंकली, तेव्हा संघाचे हे आधारस्तंभ त्यांच्याच काळातील होते.

अखेरची वर्षे

१९५९ मध्ये कॉन्टिनेंटल लीग या नियोजित तिसऱ्या लीगचे ते अध्यक्ष झाले. ती लीग प्रत्यक्षात आली नाही, पण तिच्या दबावामुळे मेजर लीगला नवे संघ वाढवावे लागले. १९६२ ते १९६४ ते पुन्हा कार्डिनल्सचे सल्लागार होते. १३ नोव्हेंबर १९६५ रोजी मिसुरीतील कोलंबिया येथे सत्कारप्रसंगी भाषण करत असताना ते कोसळले. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत आणि ९ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. १९६७ साली त्यांचा बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.

टीका

रिकी यांच्यावर कंजूषपणाचा आरोप सतत होत असे. खेळाडूंचे पगार ते दाबून ठेवत, तर खेळाडूंच्या विक्रीतील ठरावीक हिस्सा त्यांना स्वतःला मिळे. करारातील राखीव कलमामुळे खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. मेजर लीगमध्ये खेळण्यास पात्र असलेले अनेक जण वर जागा नाही म्हणून वर्षानुवर्षे कनिष्ठ संघांत अडकून पडत. बेसबॉल आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी १९३८ मध्ये कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक कनिष्ठ खेळाडूंना मुक्त केले. त्यांतील पीट रायझर हा १९४१ साली नॅशनल लीगमधील सर्वोच्च सरासरीचा फलंदाज ठरला. रॉबिन्सन याला घेताना कॅन्सस सिटी मोनार्क्स या त्याच्या संघाला रिकी यांनी कोणताही मोबदला दिला नाही, हाही आक्षेप घेतला जातो.

वारसा

मेजर लीगच्या प्रत्येक संघाने पुढे फार्म सिस्टिम स्वीकारली. 'बेसबॉल अमेरिका' हे नियतकालिक १९९० पासून दरवर्षी शंभर होतकरू खेळाडूंची क्रमवारी प्रसिद्ध करते. अशा याद्यांमधील सगळीच नावे यशस्वी होत नाहीत, आणि यादीबाहेरचे खेळाडूही मोठे होतात. रिकी यांचे १,७५० हून अधिक पारख-अहवाल वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहेत. त्यांतील प्रत्येक अंदाज खेळाडूच्या प्रत्यक्ष कारकिर्दीशी ताडून पाहता येतो. २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या '४२' या चित्रपटात हॅरिसन फोर्ड यांनी रिकी यांची भूमिका केली आहे.