पॅट्रिक गेडिस : नगराचे आरोग्य आणि नागरिकाचे शिक्षण

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचा विभाग सुरू झाला. या विभागाचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते आणि परीक्षा देऊन मिळवलेली कोणतीही विद्यापीठीय पदवी त्यांच्यापाशी नव्हती. वनस्पतींचा हा अभ्यासक शहरांकडे कसा वळला आणि शहराच्या आरोग्याचा प्रश्न हा अखेरीस शिक्षणाचा प्रश्न आहे, असे त्यांना का वाटू लागले, हे प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहणार आहोत.

१. जडणघडण

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब पर्थ या शहराजवळ स्थायिक झाले. घराभोवतीची बाग, मागची टेकडी आणि तेथून दिसणारे नदीकाठचे शहर हीच त्यांची पहिली पाठशाळा होती. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. पण तेथे त्यांचे मन रमले नाही. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातले, तेव्हा सुकलेल्या वनस्पतींची चिरफाड पाहून ते आठवडाभरातच बाहेर पडले. त्यानंतर लंडनमध्ये थॉमस हक्सली या प्रख्यात जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. शिकले पुष्कळ, पदवी मात्र घेतली नाही.

१८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांच्या डोळ्यांना गंभीर विकार जडला. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना, ज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा अशाच चौकटींत शेजारी शेजारी मांडता येतील, अशी कल्पना त्यांना सुचली. पुढे कागदाला घड्या घालून त्या चौकोनांत विचारांची मांडणी करण्याची त्यांना आयुष्यभराची सवय जडली. दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे आता शक्य नव्हते. सजीव आणि त्याचा परिसर यांचा संबंध हा त्यांचा विषय कायम राहिला. फक्त त्या सजीवाच्या जागी हळूहळू मानवी समाज आला.

२. जेम्स कोर्टमधील प्रयोग

एडिंबराच्या जुन्या भागात त्या काळी उंच, काळोख्या इमारतींमध्ये गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत असत. सधन वर्ग नव्या वसाहतीत निघून गेला होता. १८८६ मध्ये गेडिस यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला आणि थोड्याच काळात हे जोडपे जुन्या भागातील जेम्स कोर्ट येथे राहायला गेले. सुस्थितीतील सुशिक्षित माणसाने स्वेच्छेने गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड करावे, ही गोष्ट त्या काळी विक्षिप्तपणाचीच होती. दोघांनी आधी स्वतःची जागा झाडून, रंगवून स्वच्छ केली. मग शेजाऱ्यांना हाताशी धरून सामाईक अंगणाला सफेदी दिली आणि खिडक्यांत फुलझाडे लावली.

या अनुभवातून त्यांची पद्धती सिद्ध झाली. मोडकळीस आलेली घरे शक्य तेवढी दुरुस्त करायची, अगदीच निरुपयोगी असतील तेवढीच पाडायची आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जागेत हवा, उजेड व लहानशी बाग आणायची. कुशल शल्यवैद्य रोगट भाग तेवढाच काढतो आणि बाकीचे शरीर जपतो, तशीच ही रीत होती. म्हणून तिला त्यांनी संरक्षक शल्यक्रिया असे नाव दिले. १८८७ मध्ये त्यांनी याच परिसरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले.

१८८८ मध्ये डंडी येथील महाविद्यालयात त्यांची वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे केवळ उन्हाळी सत्रात शिकवावे लागे; उरलेला वेळ त्यांनी नगराच्या अभ्यासाला दिला. १८९२ मध्ये त्यांनी एडिंबरामधील एक जुनी इमारत घेऊन ‘आउटलुक टॉवर’ हे केंद्र उभे केले. सर्वांत वर एका अंधाऱ्या कक्षात भिंगांच्या साहाय्याने शहराचे हलते चित्र मेजावर उमटत असे. तेथून एकेक मजला खाली उतरताना पाहणारा आपल्या शहराकडून देशाकडे, देशाकडून युरोपकडे आणि शेवटी जगाकडे जाई. नागरिकाने आधी स्वतःचे गाव डोळे भरून पाहावे आणि मग जगाचा विचार करावा, हा या रचनेचा हेतू होता.

३. नगराचा अभ्यास

स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे गेडिस यांच्या विचाराचे मुख्य सूत्र होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्याकडून घेतलेल्या या सूत्राला त्यांनी जीवशास्त्राची जोड दिली. नदी, टेकडी, जमीन यांवर लोकांचे व्यवसाय ठरतात. व्यवसायांवर कुटुंबांची आणि वस्त्यांची घडण ठरते. आणि लोक पुन्हा आपल्या परिसराला घडवतात. त्यामुळे कोणताही आराखडा आखण्यापूर्वी त्या नगराची सर्वांगीण पाहणी झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वाढत जाऊन एकमेकांत मिसळणाऱ्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्दही त्यांनीच घडवला. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या ग्रंथात हे विचार एकत्रित आले आहेत.

४. भारतातील कार्य

गेडिस भारतात आले, तेव्हा येथील शहरांवर प्लेगची छाया होती. १८९६ च्या साथीनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. वस्तीत समुद्राचा वारा खेळावा, हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु ज्यांची घरे पडत, त्यांनी जायचे कोठे, हा प्रश्न अशा योजनांत दुय्यम ठरत असे. विस्थापित कुटुंबे जवळच्याच चाळींत शिरली की तेथील गर्दी वाढे आणि रोगाला नवे घर मिळे. आरोग्यासाठी केलेली पाडापाडीच अनारोग्याचे कारण ठरते, हे गेडिस यांनी आपल्या अहवालांतून पुनःपुन्हा दाखवले.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे व चित्रे समुद्रात गेली. तरीही मित्रांच्या मदतीने नवी सामग्री गोळा करून १९१५ च्या प्रारंभी त्यांनी मद्रासमध्ये प्रदर्शन भरवले. त्यानंतरच्या काही वर्षांत मद्रास व मुंबई इलाख्यांतील गावे, तसेच बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका अशा अनेक शहरांविषयी त्यांनी अहवाल लिहिले. नकाशा हाती घेऊन गल्लीबोळ पायी हिंडणे हा त्यांचा शिरस्ता होता. झाडाचा पार, विहीर, देवळासमोरची मोकळी जागा यांचे सामाजिक मोल ते ओळखत. डासांच्या भीतीने तळी बुजवण्यापेक्षा त्यांत मासे व बदके सोडावीत, असे ते सुचवत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी अत्यंत दुःखाचे ठरले. थोरला मुलगा ॲलस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्या वेळी ॲना भारतात आजारी होत्या. त्यांना ही बातमी कळू न देण्याचा भार गेडिस यांनी एकट्याने वाहिला. त्याच वर्षी ॲना यांचेही निधन झाले. अशा मनःस्थितीत त्यांनी होळकरांच्या इंदूरचे काम पुढे नेले. १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला सादर केलेला दोन खंडांचा अहवाल त्यांच्या भारतातील लेखनात सर्वांत विस्तृत मानला जातो.

इंदुरातील प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीच्या निमित्ताने मोठी मिरवणूक काढवली. ज्या मोहल्ल्यांतील घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, तेथून ती जाईल, असे जाहीर झाल्यावर शहरभर साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत रोग पसरवणाऱ्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि नवी वस्त्रे ल्यालेल्या, हार घातलेल्या सफाई कामगारांना मानाचे स्थान होते. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. लोकांच्या सणाची भाषा आरोग्यशिक्षणासाठी वापरण्याचा हा विलक्षण प्रयोग होता. त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. सफाई कामगारांना मिळालेला मान एका दिवसाचा होता. जातिव्यवस्थेने त्यांच्यावर लादलेले काम आणि स्थान दुसऱ्या दिवशीही तेच राहिले.

५. मुंबईतील अध्यापन आणि अखेरची वर्षे

१९१९ ते १९२४ या काळात गेडिस यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन केले. त्यांचा आवाज क्षीण होता, बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर झेपावत जाई. त्यामुळे नेमक्या टिपणांची अपेक्षा करणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण होई. मात्र गुण ओळखण्याची त्यांची दृष्टी अचूक होती. मालवण येथे जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांची इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी त्यांनी शिफारस केली. परतल्यावर १९२४ मध्ये घुर्ये याच विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राची एक समृद्ध परंपरा येथून सुरू झाली.

प्रकृती ढासळल्यामुळे गेडिस यांनी १९२४ मध्ये भारत सोडला आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे राहून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-निवासाची उभारणी आरंभली. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा तयार केला. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेल्ये येथेच त्यांचे निधन झाले.

६. मूल्यमापन

गेडिस यांच्या भारतातील बहुतेक सूचना कागदावरच राहिल्या. त्यांचे लेखन विस्कळीत असे आणि अनेक अभियंत्यांना त्यांची पद्धती मान्य नव्हती. नागरिकांच्या सहभागाचा आग्रह धरणारा हा विचारवंत अंमलबजावणीसाठी मात्र गव्हर्नर आणि संस्थानिक यांच्यावर अवलंबून होता, ही विसंगतीही दृष्टिआड करता येत नाही. तरीसुद्धा घर पाडण्यापूर्वी त्यात राहणाऱ्याचा विचार करावा, ही त्यांची शिकवण आजच्या पुनर्विकासाच्या काळातही तितकीच निकडीची आहे. ज्यांच्या वस्तीचा आराखडा आखला जातो, त्यांना तो वाचता आला पाहिजे आणि त्याविषयी बोलता आले पाहिजे. नगररचनेला त्यांनी शिक्षणाचा विषय मानले, ते याच कारणासाठी.

क्षेत्रीय कार्य : आपल्या राहत्या वस्तीतून एक तास पायी फिरा. पाणी, सावली, मोकळी जागा, लोकांचे व्यवसाय आणि बसण्या-बोलण्याची ठिकाणे यांची नोंद करा. यांपैकी काय जपावे आणि काय बदलावे, हे शेजाऱ्यांशी चर्चा करून सुमारे २०० शब्दांत लिहा.