अंतर्कर्णाचा वेध घेणारे रॉबर्ट बारानी

कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नसून शरीराचा तोल सांभाळण्याचे कार्यही तेथूनच चालते. या तोलाची तपासणी प्रत्यक्ष रुग्णावर करण्याची वाट दाखविली ती व्हिएन्नाच्या डॉ. रॉबर्ट बारानी यांनी. २२ एप्रिल १८७६ रोजी जन्मलेल्या बारानींचा एक गुडघा बालपणी हाडांच्या क्षयामुळे कायमचा ताठर झाला. तरीही ते गिर्यारोहण आणि टेनिस हौसेने करीत.

व्हिएन्ना विद्यापीठातून १९०० मध्ये पदवी घेतल्यावर ते नामवंत कर्णतज्ज्ञ ॲडम पोलिट्झर यांच्या चिकित्सालयात रुजू झाले. तेथे पिचकारीने रुग्णांचे कान धुताना पाणी थंड असले की अनेकांना भोवळ येई आणि डोळे लयबद्ध हलू लागत. पाणी फार गरम झाले तरी भोवळ येई. मात्र डोळ्यांची दिशा उलटी होई. इतरांनी हा नित्याचा त्रास मानून सोडून दिला असता. बारानींना न्हाणीघरातील बंब आठवला: तळाचे पाणी गार आणि वरचे कढत! अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवही तापमानभेदाने असाच वरखाली वाहत असला पाहिजे. तसे असेल, तर डोक्याची स्थिती उलटी करताच डोळ्यांची दिशाही पालटायला हवी. प्रयोगात नेमके तेच घडले. कोणत्या कानाचे तोलयंत्र निकामी आहे, हे आता साध्या पाण्याने कळू लागले.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी शल्यचिकित्सक म्हणून गेले. १९१५ मध्ये प्शेमिश्लचा किल्ला पडला आणि ते रशियाचे कैदी झाले. १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता त्यांना मध्य आशियातील मर्व्ह येथील छावणीत कळली! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने मध्यस्थी केल्याने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. मायदेशी मात्र गौरवाऐवजी आरोप वाट्याला आले; पूर्वसूरींचे श्रेय त्यांनी दिले नाही, असा सहकाऱ्यांचा आक्षेप होता. व्यथित बारानी १९१७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे गेले आणि अखेरपर्यंत तेथेच रमले. डोक्याच्या विशिष्ट स्थितीत येणाऱ्या भोवळीचे वर्णन त्यांनी १९२१ मध्ये केले. ८ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८३ मध्ये स्पेसलॅब यानात, जेथे वजनच जाणवत नाही आणि म्हणून असा प्रवाह संभवत नाही, तेथेही अंतराळवीरांचे डोळे या चाचणीत हलले. बारानींचे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरले. चाचणी मात्र आजही रुग्णालयांत रोज केली जाते.