विमेदारांचा कैवारी : एलायझर राइट

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी वडिलांच्या आयुर्विम्याचा कागद पेटीत जपून ठेवलेला असेल. काही वर्षे हप्ते भरून पुढे ते थांबले, तरी अशा पुष्कळशा कागदांची किंमत एकदम शून्य होत नाही. एके काळी ती होत असे. हा पालट घडविणाऱ्यांत अमेरिकेतील एका गणिताच्या प्राध्यापकाचे नाव आम्ही अग्रभागी मानतो.

एलायझर राइट यांचा जन्म १८०४ साली कनेक्टिकट राज्यात झाला. १८२६ मध्ये ते येल येथून पदवीधर झाले. ओहायोत गणित शिकवीत असता गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीने त्यांना ओढून घेतले, आणि १८३३ मध्ये प्राध्यापकी सोडून ते त्या चळवळीच्या राष्ट्रीय संस्थेचे चिटणीस झाले. संसार मोठा, मिळकत बेताची. ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या नीतिकथांचे इंग्रजी भाषांतर करून ते पुस्तक त्यांनी स्वतःच विकले.

१८४४ साली ते लंडनला गेले. तेथील रॉयल एक्स्चेंजमध्ये त्यांनी एक लिलाव पाहिला. हप्ते भरण्याची ऐपत न उरलेले वृद्ध आपल्या पॉलिसी विकावयास उभे होते, आणि कोणता म्हातारा किती लवकर मरेल याचा अंदाज बांधून सटोडिये बोली लावीत होते. मरण जितके जवळ, तितका नफा अधिक! माणसांच्या बाजाराविरुद्ध झगडलेल्या राइट यांना तेथे दुसरा तसाच बाजार दिसला.

या अन्यायाचे मूळ गणितात होते. वयाबरोबर मृत्यूचा संभव वाढतो, हप्ता मात्र सदैव सारखाच असतो. म्हणजे तरुणपणी विमेदार जोखमीच्या मानाने जास्त पैसे भरतो, आणि ती शिल्लक त्याच्या वार्धक्यासाठी राखून ठेवावयास हवी. पण हप्ता चुकला की कंपनी ती गिळंकृत करी. अशी शिल्लक दर वयास, दर वर्षी किती असावयास हवी याची कोष्टके राइट यांनी मांडली व १८५३ मध्ये प्रसिद्ध केली. गणिताच्या तासाला घड्याळाकडे पाहणाऱ्या आमच्या मित्रांनी या कामाचा व्याप जरा मनात आणावा!

१८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून कंपन्यांना हा निधी राखणे भाग पाडले, आणि ते हिशेब तपासण्यासाठी राइट विमा आयुक्त झाले. १८६१ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. हप्ता थांबला, तरी साठलेल्या निधीच्या चार पंचमांश रकमेतून जितका काळ विमा चालेल तितका काळ तो चालू ठेवावा, असे त्यात ठरले. त्या मुदतीत विमेदार वारला, तर त्याची विधवा व मुले रिकाम्या हाताने परतणार नव्हती.

कंपन्यांचा रोष ओढवणारच होता. पुढे पद गेले. राइट मात्र स्वस्थ बसले नाहीत. आकडेमोडीसाठी त्यांनी एक गणकयंत्र बनवून १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि विमा सोडणाऱ्यास रोख रक्कम मिळावी म्हणून लिहिणे-बोलणे चालूच ठेवले. १८८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने तोही कायदा केला. राइट तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. १८८५ मध्ये ते निवर्तले.