विश्लेषण : चॉकलेट वितळले, अंडे फुटले… मायक्रोवेव्ह शोधणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या प्रयोगांतून आजच्या स्वयंपाकघराने काय शिकावे?

उरलेली भाजी दोन मिनिटांत गरम, पापड मिनिटभरात भाजून तयार. मायक्रोवेव्ह ओव्हन आता अनेक घरांत रुळला आहे. मात्र त्याच्याविषयी अकारण भीती आणि अकारण बेफिकिरी अशा दोन्ही गोष्टी आढळतात. त्यातून ‘घातक किरणे’ बाहेर पडत असतील म्हणून दूर उभे राहणारी व्यक्तीच त्यात अख्खे अंडे ठेवते किंवा घट्ट झाकणाचा डबा तापवते. या यंत्रापासून खरा धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्याच्या जन्मकथेतच दडलेले आहे. ही कथा आहे पर्सी स्पेन्सर या शाळा अर्धवट सोडलेल्या अमेरिकी तंत्रज्ञाची.

पर्सी स्पेन्सर कोण होते?

पर्सी लबॅरन स्पेन्सर यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातील हाउलंड या छोट्या गावात झाला. ते तान्हे असतानाच वडील गेले आणि आईने त्यांना नातेवाईकांकडे सोपवले. पुढे ज्यांनी सांभाळले ते काकाही स्पेन्सर सात वर्षांचे असताना वारले. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते लाकडी रिळे बनवणाऱ्या गिरणीत कामाला लागले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास जवळच्या कागद गिरणीत वीज आणायचे ठरले. विजेचे कोणतेही शिक्षण नसताना ते काम त्यांनी मिळवले आणि करता करता शिकून घेतले.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली. जहाजावरील बिनतारी संदेशयंत्रणेमुळे शेकडो प्रवाशांपर्यंत मदत पोहोचली, याने हा तरुण भारावून गेला. त्याच वर्षी ते बिनतारी यंत्रणा शिकण्यासाठी अमेरिकी नौदलात दाखल झाले. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर पाठ्यपुस्तके वाचून त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र हे विषय त्यांनी स्वतःच आत्मसात केले. पदवी नव्हती, पण समोर घडते त्यामागचे कारण शोधल्याशिवाय न सोडण्याची सवय लागली ती कायमची.

रडारशी त्यांचा संबंध कसा आला?

१९२० च्या दशकात स्पेन्सर मॅसॅच्युसेट्स राज्यातील रेथिऑन या कंपनीत रुजू झाले. निर्वात नळ्या बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी नव्या रचनेचा मॅग्नेट्रॉन तयार केला. सूक्ष्मलहरी मोठ्या ताकदीने निर्माण करणाऱ्या या नळीमुळे विमानात मावेल इतके छोटे रडार शक्य झाले. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि ब्रिटनकडे मोठ्या उत्पादनाची क्षमता नव्हती. त्यामुळे त्याच वर्षी हे तंत्रज्ञान अमेरिकेला देण्यात आले.

अडचण अशी होती, की तांब्याच्या अखंड ठोकळ्यात अचूक पोकळ्या कोरून ही नळी बनवावी लागे. कुशल कारागिरालाही त्यात बराच वेळ लागायचा. स्पेन्सर यांनी वेगळा मार्ग काढला. तांब्याच्या पातळ चकत्या साच्याने कापायच्या, एकावर एक रचायच्या आणि भट्टीत जोडायच्या. या पद्धतीमुळे युद्धाच्या अखेरीस रेथिऑनमध्ये दिवसाला सुमारे २६०० मॅग्नेट्रॉन तयार होऊ लागले. या कामगिरीबद्दल अमेरिकी नौदलाने त्यांचा मोठा नागरी सन्मान केला.

चॉकलेट कसे वितळले?

वर्ष १९४५. स्पेन्सर सुरू असलेल्या मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते. खिशातली चॉकलेटची वडी वितळल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती शेंगदाण्याची वडी होती, असेही सांगितले जाते. अशा नळ्यांजवळ ऊब जाणवते, हे इतरांनाही ठाऊक होते. फरक एवढाच, की स्पेन्सर तेथे थांबले आणि कारण शोधू लागले. त्यांनी मक्याचे दाणे मागवून नळीसमोर धरले, तर लाह्या फुटल्या. पुढचा प्रयोग अंड्यावर झाला. किटलीला भोक पाडून आत अंडे ठेवले आणि सूक्ष्मलहरी सोडल्या. एक सहकारी वाकून पाहायला गेला आणि तेवढ्यात अंडे फुटून त्याच्या तोंडावर उडाले, असा किस्सा प्रसिद्ध आहे. मायक्रोवेव्हमधला पहिला अपघात हाच म्हणता येईल.

त्यानंतर स्पेन्सर यांनी धातूच्या बंद पेटीत सूक्ष्मलहरी सोडल्या. त्या बाहेर पडू न शकल्याने पेटीतले अन्न झपाट्याने तापले. ८ ऑक्टोबर १९४५ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला आणि २४ जानेवारी १९५० रोजी पेटंट मिळाले.

अन्न नेमके कशामुळे तापते?

गॅसवर आधी भांडे तापते आणि मग भांड्यातून उष्णता अन्नात शिरते. मायक्रोवेव्हमध्ये भांडे आणि आतली हवा जवळपास थंडच राहते. घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारिता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. या लहरींबरोबर दिशा बदलण्याच्या प्रयत्नात अन्नातील पाण्याचे रेणू सतत हलतात, एकमेकांवर आदळतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. म्हणून रसभाजी लवकर तापते आणि कोरडी पोळी जास्त वेळ ठेवली की वातड होते. पोळीवर पाण्याचा हबका मारून किंवा ती ओलसर कापडात गुंडाळून काही सेकंदच गरम करावी.

मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून बाहेर शिजते, हा समज चुकीचा आहे. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच प्रभावीपणे शिरतात. त्यापुढचा भाग नेहमीप्रमाणे उष्णता सरकत जाऊन तापतो. त्यामुळे भाताचा मोठा गोळा बाहेरून वाफाळलेला आणि मध्ये गार राहतो.

अंडे का फुटले?

लाही आणि अंडे, दोन्हींमागे एकच कारण आहे. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. हाच नियम आजही लागू होतो. कवचासह अंडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. उकडून सोललेले अख्खे अंडेही गरम करताना किंवा नंतर चावा घेताना फुटू शकते, म्हणून त्याचे तुकडे करावेत. बटाटा, वांगे, टोमॅटो अशा सालीच्या भाज्यांना काट्याने टोचे मारावेत. डब्याचे झाकण घट्ट लावू नये, वाफ जाण्यापुरती फट ठेवावी आणि झाकण उघडताना चेहरा दूर ठेवावा.

याहून फसवा धोका साध्या पाण्याचा. गुळगुळीत कपातील पाणी उकळबिंदूच्या वर तापूनही शांत दिसू शकते. बुडबुडे तयार व्हायला खडबडीत जागा मिळत नाही, म्हणून असे होते. त्यात साखर किंवा कॉफी पडली, चमचा बुडवला, की ते एकदम उसळून हात-तोंड भाजते. पाणी गरजेपेक्षा जास्त वेळ तापवू नये, कपात लाकडी काडी ठेवावी आणि तापवून झाल्यावर मिनिटभर थांबून मगच कप उचलावा.

किरणांची भीती कितपत खरी?

सूक्ष्मलहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्या अन्नाला किरणोत्सारी करत नाहीत आणि यंत्र बंद होताच निर्माण व्हायच्या थांबतात. मात्र त्या शरीरातील पाणीही तापवू शकतात, म्हणून त्या पेटीतच राहणे महत्त्वाचे. स्पेन्सर यांच्या धातूच्या पेटीचे काम आज ओव्हनच्या भिंती आणि दारावरची जाळी करतात. जाळीची छिद्रे १२ सेंटिमीटरच्या लहरीच्या तुलनेत अगदी बारीक असल्याने प्रकाश बाहेर येतो, पण लहरी अडतात. दार उघडताच यंत्र बंद पडावे, अशी कळही असते. अमेरिकेच्या नियमानुसार ओव्हनपासून पाच सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉटपेक्षा जास्त असता कामा नये. अंतर वाढते तशी ती वेगाने कमी होते.

त्यामुळे भीती बाळगण्यापेक्षा दाराकडे लक्ष द्यावे. दार वाकलेले असेल, नीट लागत नसेल, बिजागरी किंवा कडेचे सील खराब झाले असेल तर ओव्हन वापरू नये. दुरुस्ती घरी करू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा धक्का देऊ शकतो.

भांडी कोणती वापरावीत?

धातू लहरी परत फेकतो. पेटीच्या भिंतीसाठी तो उपयोगी, पण स्टीलच्या डब्यात लहरी अन्नापर्यंत नीट पोहोचत नाहीत. ॲल्युमिनियम फॉइल, काटा-चमचा किंवा सोनेरी कडेची बशी यांतून ठिणग्या उडू शकतात. काच, चिनी माती किंवा ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असा शिक्का असलेलीच भांडी वापरावीत. तेलकट किंवा गोड पदार्थ पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा जास्त तापतात आणि साधे प्लास्टिक वितळवतात. ओव्हन रिकामा चालवू नये. लहरी शोषायला आत काही नसेल, तर त्या मॅग्नेट्रॉनकडे परततात आणि तो खराब होऊ शकतो. आत काही पेटले, तर दार उघडू नये. आधी बटण बंद करून प्लग काढावा, हवा न मिळाल्याने आग विझते.

अन्न सारखे गरम कसे करावे?

पेटीत लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी ऊर्जा जास्त, तर काही जागी कमी असते. फिरती तबकडी त्यासाठीच असते, पण तेवढ्यावर विसंबू नये. भाजी, भात पसरट भांड्यात ठेवावा आणि मध्ये थोडी जागा मोकळी सोडावी. जाड तुकडे कडेला, पातळ मध्ये ठेवावेत. अर्ध्या वेळेला थांबून ढवळावे आणि शेवटी दोन मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे उष्णता आतपर्यंत सरकते. उरलेले अन्न सर्वत्र ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापणे सुरक्षित मानले जाते. मधला गार भाग जंतूंना जिवंत ठेवतो. बाळाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बाटली कोमट लागते, पण आतले दूध काही जागी तोंड पोळेल इतके गरम असते.

गोठलेल्या पदार्थात आणखी एक गुंतागुंत असते. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, वितळलेले पाणी मात्र भराभर शोषते. त्यामुळे पूर्ण ताकदीवर कडा शिजतात आणि गाभा गोठलेला राहतो. म्हणून ‘डीफ्रॉस्ट’ किंवा कमी ताकद निवडावी आणि पदार्थ लगेच शिजवावा.

प्रयोगशाळेतून घरात कसा आला?

रेथिऑनने १९४७ मध्ये ‘रडारेंज’ नावाने पहिला ओव्हन बाजारात आणला. तो माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. त्याला थंड ठेवण्यासाठी पाण्याची नळजोडणी लागे. उपाहारगृहे आणि जहाजे हेच त्याचे ग्राहक. १९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती ओव्हन आणला, पण १२९५ डॉलर ही किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. १९६७ मध्ये रेथिऑनच्याच अमाना या उपकंपनीने ओट्यावर मावणारा ओव्हन ४९५ डॉलरला विकायला काढला आणि खऱ्या अर्थाने मायक्रोवेव्ह घरात शिरला.

स्पेन्सर यांना काय मिळाले?

कंपनीतील कर्मचाऱ्याला पेटंटसाठी मिळणारे ठरावीक बक्षीस, म्हणजे दोन डॉलर. ओव्हनच्या विक्रीतून मानधन नाही. मात्र ते कंपनीच्या वरिष्ठ उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने शाळाही पूर्ण न केलेल्या या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. १९७० मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. घरगुती मायक्रोवेव्हची लाट तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला.

आजच्या ओव्हनवर ‘पोहे’, ‘ढोकळा’, ‘पॉपकॉर्न’ अशी तयार बटणे असतात. त्यामुळे आत काय घडते याचा विचार करण्याची गरज वाटत नाही. पण अपघात होतात ते नेमके तिथेच. पाणी तापते, वाफेला वाट लागते, धातू लहरी परत फेकतो आणि उष्णता आत सरकायला वेळ लागतो, या चार गोष्टी लक्षात ठेवल्या, तर नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.